अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांची खिदमत : घरी काय करावं, काय टाळावं

दादी पडल्या त्या बाथरूममध्ये, फजरच्या वजूसाठी उठल्या तेव्हा. वय ७६. खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलं. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, ऑपरेशन झालं, चांगलं झालं. आठव्या दिवशी घरी आणलं. आता दादींनी पलंगावरून हलायचं नाही, असं सगळ्या घरानं ठरवलं. पाणी हातात, घास तोंडात, कंगवासुद्धा सून करणार. दुबईतल्या मुलाचा रोज व्हिडिओ कॉल, “अम्मी, फक्त आराम करायचा हं!”

अठराव्या दिवशी सुनेला चादरीवर ओला डाग दिसला. कूस बदलून बघते तर माकडहाडावर जखम. वरून रुपयाएवढी, पण आतून खोल. डॉक्टर घरी आले, जखम बघितली आणि म्हणाले, “अहो, ऑपरेशन केलं तेच मुळी यांना दुसऱ्या दिवशी उभं करता यावं म्हणून. तुम्ही त्यांना अडीच आठवडे झोपवून ठेवलंत.”

या घरात प्रेमाची कमी नव्हती. पैशाचीही नव्हती. कमी होती ती माहितीची. असं घर आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक वाडीत सापडेल. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील लोक सुमारे १०.४ कोटी होते, आणि तेव्हापासून ही संख्या वाढतच आली आहे. मुलं मुंबईत, पुण्यात, आखातात. घरी एक सून किंवा एक मुलगी, आणि पलंगावर एक म्हातारं माणूस. म्हणून हा लेख त्या एका सुनेसाठी, मुलीसाठी आणि तिच्या मदतीला यायला हवेत त्या सगळ्यांसाठी.

पडून राहिल्यानं शरीरात काय होतं?

आपल्याला वाटतं की आरामानं माणूस बरा होतो. तापात, दुखण्यात दोन दिवस ते खरंही असतं. पण म्हातारपणी आराम लांबला की तोच आजार बनतो.

पहिला फटका स्नायूंना बसतो. २००७ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. निरोगी वृद्धांना फक्त दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं सरासरी एक किलोच्या आसपास मांस कमी झालं. लक्षात घ्या, ही आजारी माणसं नव्हती. आजारी, कमी जेवणाऱ्या, ऑपरेशन झालेल्या माणसाचं काय होत असेल, याचा अंदाज करा.

मग एकेक गोष्ट मागे लागते. पडून राहिल्यानं फुप्फुसं पूर्ण फुलत नाहीत, कफ खाली साचतो आणि न्यूमोनियाची वाट मोकळी होते. पायातलं रक्त संथ होतं, पोटरीच्या शिरेत गुठळी होऊ शकते. आतडी मंदावतात, बद्धकोष्ठता होते. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, लघवीत जंतुसंसर्ग होतो. सांधे आखडतात आणि पाऊल खाली लटकून तसंच राहून जातं. बऱ्याच दिवसांनी एकदम उठवलं तर रक्तदाब झपकन खाली येतो, चक्कर येते आणि माणूस पुन्हा पडतो. एकदा पडलं की घरचे म्हणतात, “बघा, सांगितलं होतं ना उठू नका!” आणि चक्र परत सुरू होतं.

म्हणून पहिलं सूत्र हे, की डॉक्टरांनी स्पष्ट मनाई केली नसेल तर रोज जितकं हलवता येईल तितकं हलवायचं. दवाखान्यातून घरी आणतानाच तीन प्रश्न विचारून घ्या. यांना कधीपासून बसवायचं? पायावर किती वजन द्यायचं? कोणता व्यायाम करवून घ्यायचा? उत्तरं कागदावर लिहून मागा. तोंडी सांगितलेलं घरी येईपर्यंत विसरायला होतं.

पाठीची जखम आधी बोटाला कळते

पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेला दवाखान्यात ‘बेडसोअर’ म्हणतात. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा बंद होतो आणि ती आतून मरायला लागते. जागा ठरलेल्या आहेत : माकडहाड, टाचा, खुबे, घोट्याची हाडं, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, कुशीवर झोपणाऱ्याचा कान. अंघोळ किंवा अंग पुसणं झालं की रोज एकदा या सगळ्या जागा उजेडात बघायच्या.

काय बघायचं? कातडी लाल दिसली तर त्यावर बोट दाबून उचला. क्षणभर पांढरी होऊन परत लाल झाली तर अजून वेळ आहे. दाबूनही पांढरी होत नसेल तर जखम सुरू झाली असं समजा. सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही. तिथे हात लावून बघा : आजूबाजूपेक्षा गरम लागते का, कडक किंवा फुगीर लागते का, जांभळट छटा आहे का, हात लावला की दुखतं का. या टप्प्यावर त्या जागेवरचा दाब काढला तर बहुतेक वेळा कातडी सावरते. फोड आला, साल निघाली की प्रकरण आठवड्यांचं होतं. जखम हाडापर्यंत गेली तर महिन्यांचं, आणि कधी जिवावरचं.

टाळायचं कसं? दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी कूस, पाठ, उजवी कूस. पूर्ण आडवं करून थेट खुब्याच्या हाडावर झोपवू नका. पाठीमागे उशी लावून अंग थोडं कललेलं ठेवा. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली एक उशी अशी, की टाचा हवेत राहतील. चार उशा लागतात, घरात असतातच. चांगली गादी असेल तर रात्री दोन वळवण्यांमधलं अंतर थोडं वाढवता येतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच.

काही घरांत कामं नमाजच्या वेळेशी जोडतात, ती पद्धत चांगली आहे. फजरनंतर कातडी बघणं, जोहरला तोंड साफ करणं, असरला खुर्चीत बसवणं. पण कूस बदलण्याचं काम पाच अजानांवर भागत नाही. त्यासाठी मोबाईलचा वेगळा गजर लावा आणि भिंतीवर कागद चिकटवा. कोणी वळवलं, किती वाजता, कोणत्या कुशीवर. कागद असला की “मला वाटलं तू वळवलंस” हा वाद संपतो.

खेचू नका, उचला. पलंगावर वर सरकवताना काखेत हात घालून ओढलं की कातडी गादीवर घासते आणि आतली शीर तुटते. रुग्णाखाली कमरेपासून मांडीपर्यंत एक आडवी चादर घाला. दोघांनी दोन बाजूंनी ती धरून माणसाला चादरीसकट सरकवा. यात वळवणाऱ्याची कंबरही वाचते. चादरीला सुरकुती नको, बिछान्यावर पोळीचे तुकडे नकोत, घामानं किंवा लघवीनं ओलं तर अजिबात नको.

हवेची गादी जरूर घ्या, पण ती घेतली म्हणजे वळवणं सुटलं असं नाही. मधे भोक असलेली रबरी रिंग काही जण अजून वापरतात. तिच्या कडेवर दाब पडतो आणि भोवतीचा रक्तपुरवठा उलट कमी होतो, म्हणून ती टाळा. लाल झालेल्या जागेवर तेल लावून चोळू नका. आतली कातडी आधीच कमजोर असते, चोळल्यानं ती फाटते. जखम झालीच तर हळद, चुना, राख, पावडर काहीही भरू नका. सलाईनच्या पाण्यानं साफ करून स्वच्छ गॉजनं झाका आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा परिचारिकेला दाखवा.

पाय दाबण्याआधी पाय बघा

आपल्याकडे खिदमत म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतं ते पाय दाबणं. नातवंडांनी दादाचे पाय दाबावेत, यात प्रेम आहे, स्पर्श आहे. चालू ठेवा. पण आधी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघा. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर दाबू नका, चोळू नका. तिथे रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. सरळ दवाखाना गाठा.

पाय चांगले असतील तर नुसतं दाबण्यापेक्षा व्यायाम करून घ्या. जागे असताना दर तासाला पावलं वरखाली दहा वेळा. गुडघा हळू वाकवून सरळ. मूठ उघड-बंद. हात डोक्यापर्यंत. खोल श्वास आत, सावकाश बाहेर, पाच-सहा वेळा. स्वतः करता येत नसेल, उदाहरणार्थ लकव्याचा रुग्ण असेल, तर दिवसातून दोनदा प्रत्येक सांधा तुम्ही सावकाश हलवा. दुखेल तिथे थांबा, जोर लावू नका. फिजिओथेरपिस्टला दोन-तीन वेळा घरी बोलावून पद्धत शिकून घ्या. रोजचं करणं तुमच्या हातात आहे.

उठवताना घाई नको. आधी उशीला टेकवून बसवा. मग पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून काही मिनिटं बसू द्या. चक्कर येते का विचारा. नाही म्हणाले तरच उभं करा. खुर्चीतही तासन्‌तास बसवून ठेवू नका, बसण्याच्या हाडांवरही जखम होते.

आणि ज्या जागेवर ते पडले ती जागा आधी दुरुस्त करा. बाथरूममध्ये भिंतीला पक्का दांडा, फरशीवर न घसरणारी चटई, बसून वजू करायला स्टूल, रात्रभर छोटा दिवा. भारतीय बैठकीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते. पलंगाची उंची अशी, की कडेला बसल्यावर तळपाय जमिनीला टेकतील. लांब झगा, सुटी ओढणी, गुळगुळीत चप्पल ही पडण्याची नेहमीची कारणं आहेत.

पाणी, घास आणि तोंड

वय वाढलं की तहान कमी लागते. शरीराला पाणी हवं असतं, पण माणूस मागत नाही. त्यात आपल्या घरांमध्ये एक वेगळंच कारण असतं, जे कोणी बोलून दाखवत नाही. दादा-दादी मुद्दाम पाणी पीत नाहीत. का? लघवी लागेल, कोणाला तरी उठवावं लागेल, कपडे खराब होतील, वजू जाईल, नमाज राहील. मग पाणी कमी, म्हणून लघवीत जळजळ, बद्धकोष्ठता, रात्री बडबड. आणि घरचे म्हणतात, “अचानक काय झालं कळत नाही.”

यावर उपाय औषधाच्या दुकानात नाही, बोलण्यात आहे. त्यांच्याशी शांतपणे बोला. पाकीची चिंता त्यांच्यासाठी खरी चिंता आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. आजारी माणसाला बसून, आडवं होऊन, इशाऱ्यानं नमाज अदा करण्याची मुभा आहे. पाणी वापरणं शक्य नसेल तर तयम्मुम आहे. लघवीवर ताबा राहत नाही किंवा नळी लावलेली आहे, अशा माणसासाठीही सवलत आहे. हे आपण सांगितलं तर त्यांना पटेलच असं नाही. मस्जिदीच्या इमामसाहेबांना एक दिवस चहाला बोलवा आणि त्यांच्या तोंडून सांगू द्या. एका भेटीत माणूस पुन्हा पाणी प्यायला लागतो, हे आम्ही पाहिलं आहे. किती पाणी द्यायचं ते मात्र हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा.

जेवताना सरळ बसवा, उशांच्या आधारानं का होईना. हनुवटी किंचित खाली. छोटा घास, तो गिळल्याची खात्री, मग दुसरा. जेवल्यावर किमान अर्धा तास तसंच बसू द्या. अर्धवट झोपेत, आडवं पाडून कधीही भरवू नका, घास श्वासनळीत जातो. पाणी पिताना दर वेळी ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज घरघरत असेल तर डॉक्टरांना सांगा. गिळण्याचा त्रास असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

जखम भरायला आणि स्नायू परत यायला प्रथिनं लागतात. नुसती पेज आणि चहा-बिस्किटं यांवर म्हातारं शरीर उभं राहत नाही. मऊ खिचडीत जास्त डाळ, अंडं, काटे काढलेला मासा, खिमा, दही, घट्ट शोरबा असं थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टर सांगतील.

दात, हिरड्या, जीभ रोज दोनदा साफ करा. कवळी रात्री काढून, धुऊन, पाण्यात ठेवा. घाणेरड्या तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात, न्यूमोनियाचं ते एक मोठं कारण आहे. ज्यांना मिसवाकची सवय आहे त्यांच्या हातात तो द्या. स्वतःचे दात स्वतः घासणं हाही व्यायाम आणि मानही.

लघवीची नळी असेल तर पिशवी नेहमी कमरेच्या खाली लटकलेली, पण जमिनीला न टेकलेली ठेवा. नळीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणानं हात धुवा. डायपर असेल तर ओला झाला की बदला, ‘रात्री एकच’ असा हिशोब करू नका. बायकांना पुसताना नेहमी पुढून मागे. आणि हे सगळं करताना दार लावा, अंगावर चादर ठेवा, लागेल तेवढाच भाग उघडा. आयुष्यभर पडदा आणि हया जपलेल्या माणसाला उघडं पडणं हे जखमेपेक्षा जास्त टोचतं. सासऱ्यांची अंगपुसणी सुनेवर टाकू नका. तिथे मुलानं, नातवानं पुढे व्हायला हवं. शिकायला एक दिवस लागतो.

रमजान जवळ आला की साखरेचे, रक्तदाबाचे रुग्ण रोजे ठेवण्याचा हट्ट धरतात. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना उपाशी राहिलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. महिनाभर आधीच डॉक्टरांना भेटा. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा, असं मधुमेहाचे तज्ज्ञ सांगतात. आजाऱ्याला सूट आहे, आणि पुढेही ठेवता येणार नाही अशांसाठी फिदया आहे. सूट घेणं म्हणजे कमीपणा नाही, हे घरातल्या मोठ्यांनीच त्यांना सांगायला हवं.

ताण दिसतो वेगळ्याच रूपात

काल घर चालवणारा माणूस आज बेडपॅन मागतो. यानं मनाला काय होत असेल? पण म्हातारी माणसं “मला ताण आलाय” असं म्हणत नाहीत. ती चिडतात, ताट सरकवतात, रात्रभर जागतात, सारखी अंगदुखी सांगतात. किंवा एकदम गप्प होतात. “अल्लाह आता उचलून घे” हे वाक्य सगळ्याच म्हाताऱ्यांच्या तोंडी असतं म्हणून आपण ऐकून सोडून देतो. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ उदासी आहे, आवडीच्या कशातच मन नाही, जेवण-झोप बिघडली आहे, तर ते ‘वय झालं’ म्हणून सोडायचं नाही. उदासीनतेचा आजार म्हातारपणाचा भाग नाही आणि तो उपचारानं बरा होतो. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मरणाची भाषा वारंवार येत असेल, औषधं साठवून ठेवलेली दिसली, तर त्यांना एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

घरात काय करता येईल? त्यांचा पलंग मागच्या खोलीतून काढून माणसांच्या वावरात आणा. खिडकी, उजेड, घड्याळ, कॅलेंडर समोर. चष्मा आणि ऐकण्याचं यंत्र हाताशी. अर्ध्या ‘भ्रमिष्टपणा’चं कारण नीट न दिसणं-ऐकणं हेच असतं. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल “ह्यांना आता काही कळत नाही” असं बोलू नका. रोज एखादा निर्णय त्यांच्याकडे ठेवा. आज भाजी कोणती? लग्नाला आहेर किती द्यायचा? झोपेची गोळी स्वतःच्या मनानं देऊ नका, तिनं पडण्याचा आणि गोंधळाचा धोका वाढतो.

आणि एक गोष्ट तातडीची. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागला, नसलेली माणसं दिसायला लागली, रात्री ओरडायला लागला, किंवा उलट, गुंगीत पडून राहिला, तर घरात कुजबुज सुरू होते. कुणी म्हणतं वेड लागलं, कुणी म्हणतं असर झाला, आमिलकडे न्या. दुआ जरूर करा, पण आधी दवाखान्यात न्या. या अवस्थेला डॉक्टर ‘डिलिरियम’ म्हणतात. मागे बहुधा शरीरातलंच कारण असतं : लघवीतला संसर्ग, न्यूमोनिया, पाण्याची कमतरता, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, साखर किंवा सोडियम कमी होणं, नवीन औषध. म्हाताऱ्यांना कधी कधी ताप न येताच संसर्ग होतो आणि हा गोंधळ हीच त्याची पहिली खूण असते. कारण सापडलं तर बहुतेक माणसं पुन्हा पूर्वीसारखी बोलू लागतात. विस्मरणाचा आजार, म्हणजे डिमेन्शिया, महिन्या-वर्षांत वाढतो. जे दोन दिवसांत झालं ते डिमेन्शिया समजून घरी बसू नका.

खिदमत सगळ्यांची, राबणारी एकटीच

आई-वडिलांच्या खिदमतीवर आपल्याकडे बयान खूप होतात. पण रात्री दोन वाजता उठून कूस कोण बदलतं? बहुतेक घरांत एकच बाई. तिची झोप जाते, कंबर जाते, मैके जाणं बंद होतं. सहा महिन्यांनी ती एखाद्या दिवशी ओरडते, हात झटकते, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते. तिला दोष देण्याआधी बाकीच्यांनी स्वतःला विचारावं, आपण या आठवड्यात काय केलं?

कामाची वाटणी बोलून नाही, लिहून करा. एका मुलाकडे रात्रीचं वळवणं. नातवाकडे औषधांचा डबा आणि दवाखान्याची फाईल. मुलीकडे आठवड्यातून दोन दिवस. आखातातल्या भावानं फोनवर सूचना देण्यापेक्षा मदतनीसाचा पगार आणि फिजिओथेरपिस्टचा खर्च उचलावा, आणि सुट्टीवर आला की पंधरा दिवस स्वतः पलंगाशेजारी झोपावं. जी मुख्य काळजी घेते तिला आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी. तिच्या पाठदुखीची, तिच्या झोपेची चौकशी हीही रुग्णाचीच काळजी आहे. ती कोसळली तर पलंग दोन होतील.

बाहेरून बाई ठेवत असाल तर फरक समजून घ्या. जीएनएम, एएनएम या प्रशिक्षित परिचारिका. इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग, नळी त्यांचं काम. आया किंवा केअरटेकर अंघोळ, भरवणं, वळवणं करते. तिच्याकडून इंजेक्शन देऊन घेऊ नका. आणि कोणीही ठेवलं तरी रोज कातडी घरच्या माणसानं बघायचीच.

मदत कुठे मिळते?

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सगळ्यांना, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या दवाखान्यातल्या उपचारांचं संरक्षण मिळतं. त्यासाठी आधार कार्ड लागतं. हे कार्ड दवाखान्यात भरती होण्यासाठी आहे, घरच्या मदतनीसाच्या पगारासाठी नाही. महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी ३ हजार रुपये एकरकमी देण्याची तरतूद आहे. गावातल्या आशाताईंना विचारा. जवळच्या आरोग्य केंद्रात म्हाताऱ्यांच्या तपासणीची काय सोय आहे ते त्या सांगतील.

मोहल्ल्यानंही काही करता येईल. व्हीलचेअर, वॉकर, हवेची गादी, कमोड खुर्ची या वस्तू एका घरात काही महिने लागतात आणि मग माळ्यावर धूळ खातात. मस्जिद कमिटीनं किंवा तरुणांच्या मंडळानं त्या जमवून गरजूंना वापरायला द्याव्यात, काम झालं की परत घ्याव्यात. एक वही आणि एक खोली, एवढंच लागतं.

ताबडतोब दवाखाना गाठा, जर

- अचानक धाप लागली, छातीत दुखू लागलं
- तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला
- एकच पाय सुजला, दुखू लागला
- एक-दोन दिवसांत बोलण्यात गोंधळ किंवा गुंगी आली
- सहा-आठ तास लघवी झाली नाही, पोट फुगलं
- जखमेतून घाण वास, पू आला, किंवा जखमेभोवती काळेपणा दिसला
- पडल्यानंतर डोक्याला मार लागला, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर

दादींचं पुढे काय झालं? जखम भरायला साडेतीन महिने लागले. रोजचं ड्रेसिंग, दर दोन तासांनी वळवणं, भिंतीवर कागद. रात्रीचं काम नातवानं घेतलं, कॉलेजात असलेल्या. पहिले आठ दिवस त्याला लाज वाटली, दादींना त्याहून जास्त. मग दोघांनाही सवय झाली. आता दादी वॉकर धरून पडवीपर्यंत येतात. असरनंतर खुर्चीत बसून सुपात तांदूळ निवडतात. सून म्हणते, “राहू द्या अम्मी, मी करते.” दादी म्हणतात, “तू केलंस तेव्हाच तर पाठ सडली माझी. दे इकडे सूप.”